केळीच्या सोपटाचा फासा

केळी सोडून जगात काहीही करायचं, असं मी तेविसाव्या वर्षी ठरवलं होतं. आमच्या रावेरकडच्या घरात सकाळी डोळे उघडल्यापासून केळीशिवाय दुसरं बोलणं नाही. धुळ्याला देवपुरात एक निवृत्त सुभेदार शहरातल्या मुलांसाठी उन्हाळी जंगल-शिबिरं भरवायचे. त्यांना मदतनीस शिक्षक हवाय, राहायची सोय धुळ्यातच, हे कळल्यावर मी त्याच दिवशी अर्ज ठोकला. जागा एकच होती आणि उमेदवार दोन. दुसरा सोनगीरच्या कापूसवाल्याचा मुलगा.

परीक्षा सातपुड्याच्या पायथ्याशी, तीही मे महिन्यात. सुभेदारांची बुद्धी बघा! चार तासांत ससा पकडायचा फासा तयार करायचा. दुकानातलं काही वापरायचं नाही, सगळं जंगलातलं. ससा नव्हता, त्याच्या जागी वाळूची पिशवी होती.

फास वर उडवायला मी आधी सागाचा हिरवा फोक वाकवला, तो काडकन मोडला. दुसराही मोडला. मग धामण नावाच्या झाडाचा घेतला. तो पार जमिनीला टेकला आणि सुटल्यावर माझ्या कानशिलात बसला. लाकूड उत्तम आहे याची खात्री पटली. खुंटीला बाभूळ मिळाली. राहिली दोरी.

सोनगीरकर पळसाची मुळं खणत होता. ती ठेचून जो वाक, म्हणजे तंतू निघतो, त्याची दोरी चिवट होते, पण मेमधली ती जमीन खणायची म्हणजे बाप आठवतो.

"भाऊ, आठेच खन ना, मुळ्या भलत्या शेतस," तो स्वतःशेजारची जागा दाखवत म्हणाला.

चांगला माणूस होता. मला त्याचा भयंकर राग आला. मी उठून ओढ्यापलीकडे गेलो.

तिथं केळीची बाग होती. खोडावरचं सोपट, म्हणजे वाळकी साल, माझ्या हातानं आपणहूनच सोललं. मी ठरवून काही केलं नाही. ओढ्यात भिजवलं, पीळ दिला, फासा बांधला. खुंटी सुटताच पिशवी वर उडाली आणि लटकत राहिली. सोनगीरकराची अर्ध्यातच अडकली. आता सुटलो केळीतून, असं मनात आलं.

सुभेदारांनी दोरी नखानं उलगडली. "कशाची ही?"

"सालीची, साहेब. जंगली झाड आहे."

खोटं बरं जमत होतं. त्यांनी ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. "ती बाग कसली?"

ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"बसराई केळी, साहेब," मी म्हणालो. "पण काय अवदसा करून ठेवलीय! ऐन निसवणीत, घड बाहेर पडताना पाणी तोडलंय. पानं मोडून खोडाला लोंबताहेत. घड काय डोंबल पोसणार?"

मग मी खताचंही सांगितलं. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत माझ्या नावावर काट मारली.

घरी पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. आबा, म्हणजे माझे वडील, बागेत पाणी वळवत होते. मी सगळं सांगितलं. नोकरी गेली, खोटं पकडलं गेलं, सगळं. त्यांनी फावडं थांबवलं.

"मंग त्या बागवाल्याले सांगितलं का तू, पानी दे म्हनून?"

"सांगितलं," मी म्हणालो. "तो येईपर्यंत बांधावर बसलो. म्हणून तर कालची गाडी चुकली."

आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.