दोन वाफे, सारखं पाणी

सेलूच्या दौलतरावांची आचल सकाळी बापासोबत भाजी बाजारात पोचवते आणि दुपारून प्राचीन काळातली साम्राज्यं चालवते. संगणकावर, अर्थात. राज्य, सैन्य, धान्य, सोयरीक असं सगळं सांभाळायचा तो एक अवाढव्य खेळ आहे. खेळणारे हौशी लोक घरी बसून त्यात आपापले बदल करतात, त्यांना मॉड म्हणतात. कोणता मॉड खरा आणि कोणता नुसताच दिखाऊ, हे आचल आपल्या चॅनलवर सांगते. लोक ऐकतात, कारण ही पोरगी कोणाची भीड ठेवत नाही.

या वेळी मात्र पंचाईत होती. प्राचीन विदर्भाचे दोन मॉड समोर होते. एक परदेशातल्या कुण्या अनोळखी माणसाचा, दुसरा अंकितचा. पिपरी मेघेचा अंकित तिचा कॉलेजपासूनचा जिवाभावाचा मित्र, आणि या मॉडपायी त्याने तीन वर्षं रक्त आटवलं होतं; पुरा होईपर्यंत तिलाही तो दाखवला नव्हता. जगभरचे खेळाडू वापरतात त्या मोठ्या मॉडसंचात दोघांपैकी एकच जाणार होता, आणि संच चालवणाऱ्यांनी निवड आचलवर सोडली होती.

"न्याय कर," अंकित म्हणाला होता, "पन मले ओळखून कर."

तिने बापाला विचारलं. दौलतराव वांग्याचं नवं बी आणलं की शेजारी-शेजारी दोन वाफे करतात. खत सारखं, पाणी सारखं, आणि कोणत्या वाफ्यात कोणतं बी ते पेरणारा गडी सोडून कोणाला ठाऊक नसतं. ते म्हणाले, "बियाण्याचं पाकीट दिसलं का मानूस आपल्या पसंतीच्या वाफ्याले घोटभर पानी जास्त पाजते. पाकीटच नको पाहू."

मग आचलच्या रंजिता वहिनीने दोन्ही मॉडवरची नावं पुसली आणि एकाला 'वांगं', दुसऱ्याला 'भेंडी' म्हटलं. कोणतं कोणाचं, ते तिने पोटात ठेवलं.

आचलने चॅनलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि 'वांगं' उघडलं. सैन्य पश्चिमेला हाकलं. खेळात वैशाख लागला आणि वर्धा नदी आटली. हत्ती, घोडे, बैलगाड्या वाळूतून सरळ पार! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या वर्षी तिनेच खेळाडूंच्या मंचावर कावून लिहिलं होतं की आमची नदी उन्हाळ्यात आटते, हे एकाही शहाण्याला माहीत नाही. हे अंकितशिवाय कोण करणार? 'भेंडी'त तर भर उन्हाळ्यातही होड्या लागत होत्या.

झालं, पाकीट दिसलं. आता मित्राची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, या धास्तीने तिने वांग्याला धारेवर धरलं. दोन्ही मॉड सारखेच अडखळत होते, पण ओरडा वांग्याला. आणि नदीबद्दल तर ती थेट प्रक्षेपणात अवाक्षर बोलली नाही. अंकितचं कौतुक तिच्या तोंडून नको.

"माह्यं मत भेंडीले," ती म्हणाली. मित्र गेला, असंच तिला वाटलं.

"नावं सांगू का, ताई?" वहिनी कॅमेऱ्यासमोर आली. "भेंडी अंकितची. वांगं त्या परदेशी मानसाचं."

पडद्यावर अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. आचलचं नदीबद्दलचं म्हणणं त्या परक्याने वाचलं होतं, मनावर घेतलं होतं, आणि त्याबद्दल तिने त्यालाच झोडपलं होतं. फोन वाजला. तिने प्रक्षेपणाचा आवाज बंद केला.

"जिंकलो ना बे आपन!" अंकित ओरडत होता.

"अंकित, गडबड झाली. मले वांगं तुह्यं वाटलं. म्हनून त्याले जास्त ताणलं."

"तुह्या मनात काय होतं, हे कोनाले दिसून राह्यलं? नको सांगू."

"वर्धा उन्हायात आटते. तू इथला. काऊन नाई टाकलं?"

"ते कोन पाह्यते?"

आचलला रडू आलं. रागाने आलं की दुःखाने, तिलाही कळलं नाही. दारात दौलतराव उभे होते. काय झालं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पाकीट पाह्यलेला वाफा आमी मोडतो, पोरी."

तिने फोन ठेवला आणि आवाज पुन्हा सुरू केला.

"ऐका. मघाचा निकाल मी वापस घेऊन राह्यली. चूक माही हाय, दोघायपैकी कोनाचीच नाई. पारख दुसऱ्या कोनाकडून करून घ्या. पन वांग्यात एक गोष्ट हाय, ते मी तुमच्यापासून लपवली. ते आता दाखवतो."

प्रेक्षकांच्या यादीतून अंकितचं नाव गेलं. तिने ते पाहिलं. मग वांगं उघडलं, खेळ वैशाखापर्यंत आणला आणि सैन्य नदीत उतरवलं.