कुसुमताई 'या' म्हणत नाहीत

निघताना पाहुण्यानं 'येतो' म्हटलं, की विद्यानगरच्या कुसुमताई 'या' म्हणत नाहीत. 'सावकाश जा' म्हणतात. जा! माणसं नाराज होतात. पण याला कारण एक सिनेमा.

तरुणपणी ताईंनी एका हिंदी भयपटात काम केलं होतं. ऐपत अशी, की रक्त बीटाचं आणि पिशाच्चाचा झगा निर्मात्याच्या वकील मेहुण्याचा. रक्त पिणारं पिशाच्च झाले होते बेगम बाजारातले मिरचीवाले नामदेवराव. सुळे त्यांचे घरचेच, तेवढाच खर्च वाचला. गोष्टीत नियम असा, की घरच्यांनी बोलावल्याशिवाय पिशाच्चाला उंबरठा ओलांडता येत नाही. ताईंनी त्याला दारातूनच हाकललं. पण नामदेवराव संवाद विसरले आणि वळताना सवयीनं म्हणाले, "येतो."

ताईही सवयीनं म्हणाल्या, "या."

दिग्दर्शकाला कुणीतरी अर्थ सांगितला. तो उडालाच. "आपइच बुला लिये ना उसकू! रहने दो, ऐसाच रहने दो!"

सिनेमा पडला. ताईंची जीभ मात्र कायमची धसकली.

म्हातारपणी दोघंही एकटी पडली, तेव्हा नामदेवराव चहाला येऊ लागले. निघताना मुद्दाम सुळे दाखवायचे.

"येतो हं, कुसुमताई."

"सावकाश जा."

"एकदा तरी 'या' म्हणा की! चावतो का मी?"

"तुमचा काय नेम!"

गेल्या पौषात ते असेच निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. वाटेत आबिड्सजवळ रिक्षातच छातीत कळ आली. आपण 'जा' म्हटलं म्हणून ते गेले, हे ताईंच्या मनातून काही केल्या जाईना.

परवा दिवेलागणीला लाइट गेली. ताईंनी चहाचं आधण ठेवलं, तोच मिरचीचा खकाणा नाकात गेला. दारावर थाप पडली. सुट्टीला आलेल्या नातीनं, ईशानं दार उघडलं.

"आजी, कोणी अंकल आहेत. 'येतो' म्हणतायत. आत्ता तर आलेत, मग निघाले कुठे?"

ताई बाहेर आल्या. जिन्यात मिट्ट काळोख. त्यात फक्त दोन सुळे.

"येतो, कुसुमताई."

तोंडाशी आलेलं 'सावकाश' ताईंनी गिळलं. ईशाचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"या," त्या म्हणाल्या.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.