साबणाने काढलेल्या पायऱ्या

स्क्रीनवर पायऱ्या उमटत होत्या आणि माझी प्रोफेसर हेलन माझ्या खुर्चीमागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"हेच हवं होतं! उद्या या कामाचं ॲबस्ट्रॅक्ट पाठव. कॉन्फरन्सला पोस्टर तुझं."

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करते. माझं काम कृत्रिम पडद्यांचं. पेशीभोवती चरबीच्या रेणूंचा दुहेरी थराचा एक पातळ पडदा असतो. तसाच पडदा आम्ही प्लास्टिकच्या कपाच्या बारीक भोकावर तयार करतो. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी असतं. बारीक ब्रशने भोकावर लिपिड, म्हणजे ती चरबी, फासायची. आधी त्यात साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. मग ते जातात आणि पडदा काळा दिसायला लागतो. काळा दिसला की पडदा पुरेसा पातळ झाला.

या पडद्यातून वीज जात नाही, म्हणून स्क्रीनवर सपाट रेष दिसते. मग आम्ही एक प्रोटीन सोडतो. ते पडद्यात बसतं आणि दारासारखं उघडतं-मिटतं. दार उघडलं की रेष एक पायरी वर जाते, मिटलं की खाली येते.

माझ्या पायऱ्या दिसत होत्या, पण एक लहान, एक मोठी, एक मधलीच. एकाच जातीची दारं इतकी वेगवेगळ्या मापांची कशी असतील?

हे हेलनला विचारायला जीभ रेटेना. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकवणाऱ्यांना शंका विचारणं म्हणजे आगाऊपणा, हे डोक्यात घट्ट बसलेलं. तिला नुसतं 'हेलन' म्हणायलाच मला अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

म्हणून आधी शिरीषदादाला विचारलं. तो नागपूरचा, आमच्याच लॅबमध्ये पीएचडीनंतरचं संशोधन करणारा पोस्टडॉक.

"बॉस खूश आहे आणि तू तोंड पाडून बसलीस? पाठवून दे ना यार."

"पण दादा, खोटं निघालं तर?"

"कंट्रोल केला होतास ना?"

केला होता. कंट्रोल म्हणजे प्रोटीन न घालता तोच प्रयोग करून बघणं. आमच्या लॅबच्या पद्धतीप्रमाणे मी प्रोटीनऐवजी मिठाचं पाणी घातलं होतं. रेष सपाट आली होती.

"मग झालं की!" म्हणून तो कॉफी आणायला गेला.

मी प्रोटीनच्या नळीकडे बघत बसले. हे प्रोटीन साध्या पाण्यात राहत नाही, गुठळ्या होतात. म्हणून ते डिटर्जंटमध्ये ठेवतात. भांड्यांच्या साबणाचाच भाऊबंद तो. म्हणजे प्रोटीनच्या प्रत्येक थेंबाबरोबर पडद्यावर साबणही पडत होता. कंट्रोलमध्ये मात्र साबण नव्हताच.

नवीन पडदा फासला. या वेळी फक्त डिटर्जंटचं पाणी घातलं, प्रोटीन अजिबात नाही.

थोड्या वेळाने पायऱ्या सुरू झाल्या. एक लहान, एक मोठी, एक मधलीच.

पडद्याला भोकं साबणच पाडत होता; पोस्टर हातचं गेलं, हे कळलं. शिवाय ती कंट्रोलची पद्धत हेलननेच घालून दिलेली. शिवाय ती कंट्रोलची पद्धत हेलननेच घालून दिलेली.

"सॉरी, पण हे तुम्ही एकदा बघाल का?"

तिने दोन्ही रेषा शेजारी ठेवून पाहिल्या.

"यात प्रोटीन नाही?"

"नाही."

"अरे देवा." मग ती खुर्चीत मागे रेलली. "ॲबस्ट्रॅक्ट कॅन्सल. आणि माझ्या जुन्या प्रयोगांच्या रेषाही पुन्हा तपासाव्या लागणार. तू सॉरी कशाबद्दल म्हणतेस?"



पुढचे काही आठवडे साबण काढण्यात गेले. साबुदाण्यासारखे दिसणारे, डिटर्जंट शोषून घेणारे मणी मिळतात. त्यांच्या मदतीने प्रोटीन लिपिडच्या सूक्ष्म फुग्यांत बसवलं आणि ते फुगे पडद्यात मिसळवले. कितीतरी पडदे फुटले. कॉन्फरन्स होऊन गेली. शिरीषदादाने तिथून माझ्यासाठी एक पेन आणलं.

मग एका दुपारी पायऱ्या आल्या, सगळ्या एका उंचीच्या. मी हे दार बंद करणारं औषध कपात घातलं. रेष सपाट झाली आणि सपाटच राहिली. साबणाच्या भोकांना ते औषध रोखू शकत नाही, हे आधीच तपासलं होतं. हे दार खरंच आमचं होतं.

आता लॅबमध्ये कोणी नवीन आलं की हेलन कंट्रोल शिकवायला माझ्याकडे पाठवते. मी एवढंच सांगते: कंट्रोल सपाट आला की खूश होण्याआधी त्यात काय घालायचं राहिलं ते बघा.