उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मंदारला वाटतं, त्या क्लबात जायचं मी कंटाळून सोडलं. वाटू दे. तुम्हाला सांगते आहे, पण एका अटीवर — ऐकून झाल्यावर "होतं गं असं कधीकधी" म्हणायचं नाही. ते आपोआप झालं नाही. मी केलं.

पुण्यात शिकले, आता जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. आठवडाभर स्क्रीनवरचे ब्रेक बघून जीव विटतो, म्हणून शनिवारी तरी हाताला ग्रीस लागावं — एवढ्यासाठी जुन्या गाड्यांच्या एका क्लबात नाव घातलं. शेडमध्ये सगळे पुरुष, एक म्हातारी गेर्डा आणि मी. किती तरी महिने मला कुणी साधा पानाही हातात दिला नाही. भारतात तू हत्ती पाहिलेस का, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा!

मग ती गाडी आली. युद्धानंतर बव्हेरियात तळ ठोकून असलेले अमेरिकन सैनिक मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यती लावायचे — रस्त्यावरच्याच गाड्या, हवे तसे बदल केलेल्या. त्यातली ही एक, कुणाच्या तरी गोठ्यात गवताखाली सापडलेली. ब्रेकमधलं मूळचं काय आणि शर्यतीसाठी बदललेलं काय, ते ओळखायचं होतं. शर्यतीसाठी केलेले बदल जपायचे, बाकीच्या चुका दुरुस्त करायच्या, असं ठरलं होतं. आणि तेव्हा कुठे या लोकांना आठवलं, की आपल्यात एक ब्रेकवाली आहे.

मी चारही चाकांचे ब्रेक-ड्रम उघडले. ड्रमच्या पाठीमागच्या पत्र्यांना भोकं होती. कडा खरबरीत, अंतरं कमीजास्त — कारखान्यात अशी पडत नाहीत. आत हवा खेळावी म्हणून कुणीतरी हाताने पाडलेली. मी सांगत होते आणि ते सगळे ऐकत होते. खरंच ऐकत होते हो! ती चव काय असते, तुम्हाला ठाऊक आहे का?

शेवटी उजवं पुढचं चाक. तिथे ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीचं तोंड एक बोल्ट पिळून बंद केलेलं. त्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेक लागताना ड्रमवर घासून झिजतात ते, जवळजवळ कोरे. म्हणजे तिथला ब्रेक कधी लागतच नव्हता.

"तो बोल्ट माझा आहे," गेर्डा म्हणाली. नव्वदीला टेकलेली बाई. तरुणपणी वडिलांच्या गॅरेजमध्ये तिने याच गाडीवर काम केलं होतं म्हणे, आणि तो ब्रेक मुद्दाम बंद केला होता. पुरुषांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, मुद्दाम असं कुणी करत नाही. एका बाजूचा ब्रेक बंद केला, तर दाबल्याबरोबर गाडी डावीकडे ओढली जाईल.

"गेनाऊ," गेर्डा म्हणाली. अगदी बरोबर.

आता इथे मी तुम्हाला फसवू शकते. म्हणू शकते, की मला पुष्कळ नंतर उमगलं. नाही — मला तिथल्या तिथे कळलं. गोल ट्रॅक, गाड्या सतत डावीकडेच वळणाऱ्या. ब्रेक दाबला की गाडीने आपणहून वळणात शिरावं, म्हणून एका चाकाचा ब्रेक बंद केलेला. किती साधं! किती हुशारीचं! माझ्या कितीतरी आधी ब्रेकला हात घातलेली एक बाई या शेडमध्ये माझ्यासमोर स्टुलावर बसली होती.

पुरुष हसले. मीही हसले.

"चूकच आहे ती," मी म्हटलं. मग मीच तो बोल्ट काढला, भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवी नळी जोडली. गेर्डा बघत होती. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्यानंतरही नाही.

का केलं? परदेशात बाईला किती झगडावं लागतं वगैरे — ते सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीही त्या बोल्टाला लागू नाही. मला कुणी दम दिला नव्हता. "गेर्डाचं बरोबर आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर ते तिच्याकडे बघायला लागले असते. मला ते नको होतं. आणि त्यानंतर प्रत्येक गाडीसाठी मला हाक येऊ लागली, ते मला आवडलं. भरपूर आवडलं! वाईट वाटून झोप उडाली, असलं काही मी सांगणार नाही. मी छान झोपत होते.

मागच्या हिवाळ्यात गेर्डा गेली. दफन झाल्यावर आम्ही सगळे कॉफीला जमलो आणि एकेक जण तिच्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. कुणाला तिचा प्लमचा केक आठवला, कुणाला तिच्या खिडकीतली फुलं, मग पुन्हा केक. माझी पाळी आली तशी सगळे गप्प झाले. माझं बोलणं ते एव्हाना नेहमीच कान देऊन ऐकायचे.

मी उभी राहिले. म्हटलं, गेर्डाच्या हातचा प्लमचा केक, तसा मी दुसरीकडे कुठे खाल्ला नाही.