मामाच्या घोड्यांना पाणघोड्याची तोंडं

माझा मामा चाळीस वर्षं गोल गोल चालतोय. उमापूरकडच्या एकूण एक जत्रेत त्याचा पाळणा असतो: मधे लोखंडी खांब, वर छत्री आणि छत्रीला टांगलेले आठ लाकडी घोडे. मोटर नाही, वीज नाही. मामा आडवा दांडा छातीला लावतो आणि ढकलत सुटतो. माझ्या अंदाजानं तो आतापर्यंत चंद्रावर जाऊन परत आलेला आहे, तोही पायी. मधे चहाला तेवढा थांबला असेल.

पण गेल्या वर्षी जत्रेत एक मोटरवरची आगगाडी आली. डब्यांना कार्टूनमधली तोंडं, तोंडांतून गाणी. सगळी पोरं तिकडं पळाली. मामाच्या घोड्यांवर दिवसभरात एकच गिऱ्हाईक बसलं, ते म्हणजे एक कोंबडी. मामानं तिलाही दोन फेऱ्या मारून आणलं म्हणतात.

त्यानंतर मामा केजला माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आला. चहा घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

"भाच्या, तुझ्याकडं ते लोखंड कापायचं गॅस कटर हाय ना?"

"हाय की, मामा."

"यंदाच्या जत्रंत पोरं न्हाई बसली, तर तितंच कटर घेऊन यायचं आन् पाळणा कापायचा. भंगारवाला परका माणूस. तू घरचा हायस."

मी रडलो नाही. वेल्डरच्या डोळ्यांतून तसंही पाणी येतच असतं.

मी म्हणालो, "मामा, कापायचं नंतर बघू. आधी घोडे बदलू." मी मोबाइलवर बघितलं होतं. परदेशात आपल्या तालुक्याएवढ्या बागा असतात. ज्या कार्टूनच्या सिनेमानं पोरं येडी होतात, त्याच सिनेमाचा पाळणा तिथं करतात. सिनेमातलं जनावर, सिनेमातला डोंगर, सिनेमातली होडी. माणसं विमानानं येऊन रांगेत उभी राहतात.

मामाला हे पटेना. "म्हंजी शिनिमा बघायचा, आन् मग परत त्याच शिनिमात जाऊन बसायचं? कावून? पयल्या बारीला मन भरलं न्हाई का त्यांचं?"

"मन भरू द्यायचंच न्हाई, मामा. त्यालाच धंदा म्हणतेत."

"आन् माझे घोडे?"

"घोड्यांना हात लावत न्हाई. वरून नुसती पत्र्याची तोंडं बसवतो."

आता सिनेमा कोणता? त्या वर्षी गल्लीतली सगळी पोरं एकाच सिनेमाचं नाव घेत होती. चार भाग आले होते म्हणे. चार भाग कोण बघत बसतं? मी शेजारच्या पोरीचं दप्तर बघितलं. दप्तरावर एक जांभळा पाणघोडा होता. मोठ्ठं थोबाड, दोन सुळे, बारीक डोळे. त्याच्या शेजारी दप्तर फाटलं होतं, तिथं तिच्या आईनं खताच्या गोणीचं ठिगळ लावलं होतं. मला काय करायचंय ठिगळाशी? मी पाणघोडा मापून घेतला. घोड्याला पाणघोडा चालतो, म्हटलं, लांबचे का होईना पाव्हणे आहेत.

तेलाचे जुने डबे कापून मी आठ थोबाडं केली. अशी केली, अशी केली, की पहिलं तयार झालं तेव्हा दुकानासमोरचं कुत्रं शेपूट घालून अंबाजोगाईच्या दिशेनं गेलं. ते अजून आलेलं नाही.

रंगाचं काम दिलं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणाऱ्या पेंटरला. त्याचा हात सोन्याचा, पण त्याला एक खोड. जनावराचं कपाळ मोकळं ठेवणं त्याला जमतच नाही. त्यानं आठही पाणघोड्यांना बाशिंगं बांधली, सुळ्यांना शिंगांसारखा हिंगूळ लावला, गोंडे सोडले. वर म्हणतो, "पाठीवर झूल न्हाई टाकली तर लोक मला नावं ठेवतेन." मग घरून बैलांच्या आठ झुली घेऊन आला, आरसे लावलेल्या.

टेंपोत थोबाडं मागं तोंड करून बांधली आणि निघालो. कटर आणि सिलिंडर मामाच्या सांगण्यावरून सोबत होतंच, पण मी ते पोत्याखाली झाकलं होतं. मांजरसुंब्याजवळ कपिलधारहून दर्शन घेऊन येणारी एक जीप आमच्या मागं लागली. आतल्या बाया हात जोडून बसलेल्या. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी आडवी घातली आणि एका बाईनं विचारलं, "कोणत्या गावचं देवस्थान हाय, भाऊ?" मी म्हणालो, "नवीन हाय, मावशी. नवसाला पावतंय का ते संध्याकाळी कळंल." एका म्हातारीनं थोबाडासमोर अर्धा पेढा ठेवला. तो मी गेवराईपर्यंत सांभाळला, पुढची जबाबदारी माझी नाही.

जत्रा म्हणजे चैत्रातली, ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परत आलेली. गावात घरटी चार पोरं, सहा महिने कारखान्याकडच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहून आलेली. तिथं संध्याकाळी एका मोबाइलभोवती चाळीस पोरं बसतात. त्यांनी चारही भाग इतक्या वेळा बघितले होते की सिनेमा काढणारा चुकला असता, ती चुकली नसती.

मामानं पाळणा उभा केला. घोड्यांना थोबाडं बसवली, झुली टाकल्या. नवीन जनावर दारात आलं की जे करायचं, ते मामीनं केलं: तांब्यानं पायांवर पाणी, कपाळाला हळदीकुंकू, पुरणपोळीचा घास. मामानं नारळ फोडला. सगळी पोरं गोळा झाली. मी छाती फुगवून उभा.

एकही पोर हसलं नाही.

पुढं एक आठ-नऊ वर्षांची पोरगी होती, उन्हानं तांबडे झालेले केस, कमरेवर हात. ती म्हणाली, "आजोबा, ह्याला कावून पुजलंत?"

"कावून म्हंजी? तुमच्या शिनिमातला हाय न्हवं."

"हाय की. पण ह्यो हरामखोर हाय!"

मामी म्हणाली, "ए बाई, देवाच्या जत्रंत काय बोलतीस?"

मग त्या पोरीनं आम्हाला सिनेमा सांगितला. हा जांभळा पाणघोडा तळीच्या तळी पिऊन टाकतो. पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन, चौथ्यात अख्खी नदी. खरी नायिका एक गोगलगाय. ती शंखात थेंब थेंब पाणी लपवून आणते आणि माशांना जगवते. म्हणजे दप्तरावरच्या त्या ठिगळाखाली गोगलगाय होती!

आता बघा. मी सिनेमा न बघता आठ-आठ खलनायक बनवले. पेंटरनं त्यांना बाशिंगं बांधली. आणि बीड जिल्ह्यात, जिथं टँकर आला की माणसं जेवण टाकून पळतात, तिथं आम्ही सगळं पाणी पिणाऱ्याच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं.

"आमच्या घोड्यावर न्हाई बसत मग?" मामानं विचारलं.

"ह्याच्यावर? थू!" दुसरं एक पोर म्हणालं. पलीकडं आगगाडीची गाणी सुरू झाली. मागची पोरं हळूहळू तिकडं सरकायला लागली.

मामा खाली बसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाच्या, शिलिंडर आणलाय ना?"

मी टेंपोकडं निघालो. पोतं बाजूला करून कटरची नळी हातात घेतो न घेतो, तोच मागून त्याच पोरीचा आवाज आला.

"आजोबा, ह्याच्यावर बसून ह्याला हाणलं तर चालतंय का?"

मी वळलो. आता मामाबद्दल एक सांगायला पाहिजे. चाळीस वर्षांत त्यानं एकाही पोराला घोड्याला टाच मारू दिली नव्हती. कुणी मारली की पाळणा थांबवायचा, पोराला उतरवायचा आणि घोड्याची मान चोळायचा. अशा माणसाला ही विचारत होती.

मामानं घोड्यांकडं बघितलं. मग लांबून माझ्याकडं, माझ्या हातातल्या नळीकडं. डोळे मिटून म्हणाला, "चालतंय. पण नुसतं थोबाडावर. मानेला न्हाई लावायचं."

पोरगी टुणकन चढली. "माझं तळं पितो का? पी! पी!" धडाड धडाड! पत्र्याचा असा आवाज निघाला की आगगाडीची गाणी त्यात बुडाली. दुसरी चढली, तिसरं चढलं. अर्ध्या तासात रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली आणि देवाला पुढच्या दारानं जायचं की मागच्या, हा प्रश्न पडला. आगगाडीतली पोरं चालत्या डब्यातून उड्या मारून आली. मग बायका आल्या. सहा महिने ऊस तोडलेले हात ते. एकीनं हाणली तेव्हा पाळणा आपोआप दोन फेऱ्या फिरला, मामानं दांडा धरलेलाही नव्हता. दुसरी म्हणाली, "ह्याचं थोबाड आमच्या मुकादमावाणीच हाय गं!" आणि नेमका मुकादम मागंच उभा. त्यानं पाणघोडा नीट न्याहाळला, मिशीवर ताव दिला आणि म्हणाला, "मिशी ऱ्हायली की ओ काढायची." अख्खी जत्रा हसली. तोही बसला. त्यानंही हाणली.

दिवस कलताना पोरं म्हणाली, "आजोबा, आता तुमी बसा. आमी फिरवतो." चाळीस वर्षांत मामा पहिल्यांदा स्वतःच्या पाळण्यावर बसला. वीस पोरांनी दांडा धरला. मामा झुलीवर दोन्ही हात ठेवून, तोंड मिटून, नवरदेवासारखा फिरला. पोरं ओरडत होती, "हाणा, आजोबा, हाणा!" त्यानं नाही हाणलं.

गर्दी पांगल्यावर मी नळी गुंडाळत होतो. मामा एकेका घोड्यापाशी जात होता. पोचे आलेलं थोबाड जरासं उचलायचा, आत वाकून बघायचा, लाकडी मानेवरून हात फिरवायचा.

"लागलं तर न्हाई ना रे?" आत विचारायचा.

आठव्यापाशी आल्यावर मला हाक मारली. "भाच्या, पत्रा जरा जाड घे पुढल्या खेपंला. आन् एक गोगलगाय कर बारकी. छत्रीच्या शेंड्याला बशीव, तिला कुणाचा हात पोचायला नगं."