राखीव नमुना

नमुनेकाकांच्या घरात चिठ्ठी न लावलेली बरणी सापडणं कठीण. लोणच्यावर तारीख, खोबरेल तेलावर तारीख. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते समोरच राहायचे. या नावानं सगळे त्यांना तोंडावरच हाक मारायचे.

माझा मुलगा चार महिन्यांचा असताना हिंजवडीतल्या कंपनीनं मला दर आठवड्याला तीन दिवस दक्षिणेतल्या एका शहरात धाडायला सुरुवात केली. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पावडरीच्या दुधानं बाळाच्या अंगावर गांधी उठायच्या. म्हणून तिकडे पंपानं काढलेलं दूध गोठवून मी विमानानं घरी आणायची, आणि पुढच्या खेपेला मी नसताना सासूबाई ते त्याला पाजायच्या. खोक्यात बर्फाच्या पिशव्या कशा रचायच्या, ते काकांनीच शिकवलं. माझ्या संकोचाला त्यांनी भीक घातली नाही. "तुम्ही लाजत बसा, दूध तेवढ्यात वितळेल," म्हणाले.

मात्र दर खेपेला त्यातला चौथा हिस्सा ते स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवून घ्यायचे. बाळाच्या तोंडचं दूध हे कसले अडवून ठेवतात, म्हणून मला राग यायचा. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "प्रवासाला निघालेला नमुना पोचेलच असं नाही. घरात राखीव हवा. आणि राखीव सगळा संपवायचा नसतो."

पाचव्या खेपेला तिकडच्या विमानतळावर तपासणीत खोकं उघडलं गेलं. बाळ कुठे आहे, असं विचारलं. बाळ पुण्यात आहे म्हणूनच तर नेतेय, हे मी हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी रडत मराठीत सांगितलं. हात जोडले. बाळ सोबत नाही तर दूध नेता येणार नाही, हेच त्यांचं पालुपद. मीटिंगमधून उठून, स्वच्छतागृहात उभं राहून काढलेलं तीन दिवसांचं दूध मी स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मंगळवारी पुन्हा निघायचंच होतं. माझं पोर काय पिणार होतं?

काकांना फोन लावला. दूध गेलं, एवढंच मी कसंबसं बोलले.

"अहो, घरी या. राखीव आहे."

चार खेपांचं साठलेलं दूध त्या आठवड्याला पुरलं, वर एक पिशवी उरली.

मागच्या वर्षी काका गेले. दिवस झाल्यावर काकूंनी बोलावून फ्रीझर दाखवला. तळाशी तीच पिशवी होती. चिठ्ठीवर तारीख आणि त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, 'बाळाचं. राखीव.' बाळ आता तिसरीत आहे.

पिशवी घेऊन मी बेसिनपाशी बराच वेळ उभी राहिले. एकदा सगळं टाकलं होतं. ही मात्र माझ्याच्यानं टाकवली नाही.