पत्रिका जुळत नाही

आईनं ते घर नापसंत केलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नागपूरच्या बहिणीला तर नाहीच. सगळ्यांना मी उलटंच सांगितलं, आईलाच पसंत पडलं म्हणून.

छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून रायपुरात बरंच काही नवीन आलं. रुंद रस्ते आले, त्यांच्यावरून चालणारी माणसं तेवढी यायची राहिली. मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि त्याच्या मागोमाग तिकडे विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी घरंही निघाली. आम्हाला तसल्या घराची गरज पडली, कारण आई आमच्या बूढापाऱ्यातल्या घरातून सारखी निघून जायची. कुठे, तर गोल बाजारात, माझ्या लग्नाची भांडी घ्यायला. माझ्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. भांडेवाला ओळखीचा. तो तिला स्टुलावर बसवून चहा पाजायचा आणि मला फोन करायचा, "भैया, माताजी फिर से गंज-पतीले पसंद कर रही हैं."

एकदा ती बाजाराऐवजी तलावाकडे वळली. त्या दिवशी मी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली आणि घर शोधायला लागलो.

बहीण फोनवर म्हणाली, "आई हो म्हणन तरच ठेवजो. नाहीतर मी आणतो तिले इकडे. माझ्या घरी खोली रिकामीच आहे."

मी "बघू" म्हणालो. खरं सांगतो, ते "बघू" म्हणजे नाहीच होतं. मुलगा धडधाकट असताना आई लेकीच्या दारी राहिली, असं आमच्या लोकांत कोणी बोललं असतं तर मला ते सोसलं नसतं. आई अनोळखी माणसांकडे राहिली तर तिला उपचार म्हणता येतं. लेकीकडे राहिली तर मुलाची नामुष्की.

पण घर पाहायला आई गाडीत बसेना. "काहून? कुठी नेऊन राहिला मले?"

मी म्हणालो, "माझ्यासाठी पोट्टी पाहायला."

आई जरीकाठी लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून माझ्या आधी गाडीपाशी. आणि वडील जाऊन इतकी वर्षं झालेली. तिला कुंकू लावू नको म्हणायचं कोणाला सुचलं नाही, ते एक बरं झालं. बायको मागे बसली. "स्वतःची सवत पाहायला निघालेली मीच पहिली," ती म्हणाली.

आईनं वळून पाहिलं. "या बाई कोन?"

"शेजारची आहे मी," बायकोनंच सांगितलं.

"चांगलं झालं आल्या. याच्या एकट्याच्या डोळ्यावर माझा भरोसा नाही."

मुली पाहण्यात आई जुनी वस्ताद. तिची एक पद्धत होती. पोहे झाले, गोड बोलणं झालं, की हात धुवायचं निमित्त काढून सरळ घराच्या मागच्या बाजूला जायचं. मोरी, बादल्या, चुलीमागची भिंत, सगळं पाहून यायचं. म्हणायची, "पुढून सारेच सजले राहते. घर मागून पाहावं." बायकोच्या अभनपूरच्या माहेरी तिनं तीन वेळा हात धुतले होते. बायको ते अजून विसरलेली नाही. आई विसरली.

नव्या रायपुरातलं ते घर पुढून खरंच सजलेलं होतं. हिरवळ, झोपाळा, भिंतींवर ताजा रंग. मॅनेजर एक तरुण मुलगी होती. आईनं तिला समोर बसवलं आणि विचारलं, "बेटी, क्या क्या पकाना आता है?"

"सब आता है, अम्माजी."

"पुरणपोळी?"

"वो भी."

म्हातारे जे म्हणतील त्याला हो म्हणायचं, हे त्या मुलीला शिकवलेलं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी जमत होतं.

"ज़रा चल के दिखाओ," आई म्हणाली. मुलगी हसत हसत दारापर्यंत चालून आली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, यहाँ बिल्कुल घर जैसा माहौल है."

आई उठली. "हाथ धोना है."

बायको मॅनेजरबरोबर स्वयंपाकघर पाहायला गेली आणि मी एकटाच बसून राहिलो. आई बऱ्याच वेळानं आली. हात कोरडेच होते. शेजारी बसून माझ्या कानाशी आली.

"मांगं खोल्या पाहिल्या मी. कडी बाहीरून हाये. एक म्हातारी आतून दार वाजवून राहिली होती, कोनी उघडून नाही राहिलं. पोट्टी चांगली हाये रे, पन अशा घरची सोयरीक नको."

"बरं," मी म्हणालो.

"तोंडावर नाही म्हनू नको, पोरीचं मन दुखते. पत्रिका जुळत नाही म्हनून कळवून दे."

"हव."

घरासारखं वातावरण, असं त्या मुलीनं म्हटलं, त्यात काही खोटं नव्हतं. तशीच कडी आमच्याकडेही होती. फक्त आमच्या कडीच्या आतल्या बाजूला आई असायची, म्हणून तिला ती कधी दिसली नाही.

बायको परत आली. तिनं हळूच विचारलं, "मागे जाऊन आल्या न त्या? काय म्हणाल्या?"

"पसंत आहे म्हणाली."

बहिणीलाही फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, "एका फेरीत? वहिनीला पाहायला तर किती चकरा मारल्या होत्या तिनं." आणि लगेच म्हणाली, "असो. तिलेच आवडलं तर मी काय बोलू."

दुसऱ्या आठवड्यात आईला तिथे नेलं. मुलीकडचे लोक मुक्कामाचा आग्रह करून राहिले, असं सांगितलं. आग्रह मोडायचा नसतो, हे तिनंच मला लहानपणी शिकवलं होतं. ती राहिली.

दर रविवारी मी जातो. तिची तब्येत चांगली आहे, केस विंचरलेले असतात. मॅनेजर मुलगी सांगते, अम्माजी कधी त्रास देत नाहीत. पाहुण्यांनी यजमानांना त्रास द्यायचा नसतो.

मी बसलो की ती इकडेतिकडे पाहते आणि आवाज खाली करते. "कळवलं का त्याहिले?"

"कळवलं."

"काय म्हनलं तू?"

"पत्रिका जुळत नाही."

ती मान हलवते. मग काही वेळानं विचारते, "मंग आपन अजून इथं काहून बसून राहिलो?"

"पोहे येऊन राहिले," मी म्हणतो.

पोह्यांचा मान म्हणून ती बसून राहते.

आईनं एक निरोप माझ्याकडे दिला होता आणि तो पोचायला हवा होता नागपूरला. तिचा नकार मी बहिणीला देणं लागतो. अजून सांगितलेला नाही.